वेळ संपली आणि परत आली

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (मान अवघडली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच घातला असं समजावं.) तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि वरच्या मजल्यावरचे ते ट्रम्पेट शिकणारे गृहस्थ, तिघंही आता बसले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. म्हणजे जेवतात, झोपतात. बोलत मात्र नाहीत. तुमचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. तुमची बहीण त्यांच्या वतीनं माझ्याशी बोलत नाही आणि स्वतःच्या वतीनं जरा जास्तच बोलते. एक बाजू तुमच्या कानावर आलीच असेल. ही दुसरी.

झालं असं की बाबांच्या बुद्धिबळ मंडळाचं चावीचं घड्याळ ऐन स्पर्धेच्या तोंडावर बंद पडलं. (या घड्याळात दोघांची वेळ वेगळी मोजतात. आपली चाल झाली की बटण दाबायचं. आपली वेळ थांबते आणि समोरच्याची पळायला लागते. ज्याची आधी संपेल तो हरला.) बाबा भर सभेत उठून म्हणाले, "आमचे जावई करून देतील." दादा, मी कवळ्या बनवतो. बाबांची कवळीही माझ्याच हातची. सध्या ते मीच बसवलेल्या दातांनी माझ्यावर दातओठ खात असतात, आणि एकही दात हललेला नाही, हे आपलं कामाचं म्हणून सांगतो. पण सुटीच्या दिवशी मी तो बोटभर मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे चिमुकला संगणकच, घेऊन दिवे लुकलुकवत बसतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ज्याला दिवा लुकलुकवता येतो त्याला सगळंच येतं असं त्यांचं मत आहे. अंतिम सामना बाबांचा आणि गाडी चालवायला शिकवायचे त्या गृहस्थांचा. मंडळात त्यांना सगळे 'क्लच' म्हणतात. ते बाबांना दरवर्षी हरवतात आणि वर हरवताना शीळ घालतात. तेव्हा प्रश्न घड्याळाचा नव्हता, अब्रूचा होता.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पडून फुटला होता, पण त्याची आकडे दाखवणारी काच शाबूत होती. ती मी मागून आणली. वरची ओळ वजनाची, खालची किमतीची. एक बाबांना, एक क्लचना. इथपर्यंत मी स्वतःला हुशार समजत होतो. नव्या काचेबरोबर तिचा नकाशा मिळतो, उष्ट्या काचेचा कोण देणार? एकेक आकडा सात दांड्यांचा, आणि कुठली दांडी कुठल्या टोकाला जोडलीय हे ती बनवणारा जाणे नाहीतर देव जाणे, आणि दोघंही पत्ता ठेवून गेलेले नाहीत. मग मी एकेका टोकाला वीज द्यायची आणि तुमच्या बहिणीनं समोर बसून काय उमटलं ते सांगायचं, असं सुरू झालं. "मधली दांडी. आता शेजारच्याचं डोकं. आता बाण आलाय, 'वजन जास्त' म्हणतोय. मला म्हणतोय का?" (मी घाईनं पुढच्या टोकाला वीज दिली. या सबंध प्रकरणात मी केलेली तेवढीच शहाणपणाची गोष्ट.) शिवाय या काचेला एकाच दिशेनं वीज दिलेली सोसत नाही. सारखी उलटसुलट द्यावी लागते, नाहीतर ती कायमची नासते. आपण एका भूमिकेवर ठाम राहिलो की बिघडणारी माणसं मला लग्नापासून परिचयाची आहेत, त्यामुळे हा भाग चटकन जमला.

काच बोर्डाला तापल्या कथलाचा डाग देऊन जोडता येत नाही. मध्ये काळ्यापांढऱ्या बारीक रेघांचं रबर दाबून धरावं लागतं. काळ्या रेघेतून वीज जाते, पांढरी तिला शेजारी घुसू देत नाही. दाबून धरायला चौकट हवी, ती मी कवळीच्याच मालाची ओतली. घड्याळ हिरडीसारखं गुलाबी झालं. मंडळात पहिल्यांदा पाहणारे नकळत स्वतःच्या तोंडाला हात लावत. पण चाललं मात्र फक्कड.

अंतिम सामन्यापर्यंत. आता बाबा बटण दाबत नाहीत, झुरळ मारल्यासारखं हाणतात. अशाच एका फटक्यानं रबर सरकलं आणि बाबांच्या मिनिटांच्या आकड्याची मधली दांडी गेली. आठातली मधली दांडी गेली की शून्य उरतं. बाबांची आठ मिनिटं आणि वर काही सेकंद बाकी होते. काच म्हणत होती, शून्य मिनिटं आणि वर काही सेकंद. क्लचची शीळ थांबली. सगळं मंडळ टेबलाभोवती गोळा झालं. शून्याला शून्य लागल्याबरोबर क्लच ताडकन उठले. "वेळ संपली! हरलात!" आणि पुढच्याच क्षणी काचेवर सात मिनिटं एकोणसाठ सेकंद आले. (साताला मधली दांडी लागतच नाही. गुणी आकडा आहे.)

संपलेली वेळ परत आलेली मंडळात आजवर कुणी पाहिली नव्हती. पंच म्हणून बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसला. क्लच म्हणाले, "जावयाचंच घड्याळ, सासऱ्याला वेळ कमी पडेलच कशी!" बाबा गरजले, "अहो, मी जिंकत होतो!" मी मध्ये पडून सात दांड्यांचं शास्त्र सांगू लागलो, पण घड्याळ थांबवायचं कुणालाच सुचलं नव्हतं, तेवढ्यात सहा आले, आणि मधल्या दांडीवाचून सहा हा आकडा कशासारखाच दिसत नाही. तिथं माझं शास्त्र बुडालं. बाईंनी सामना रद्द केला, पुढच्या महिन्यात पुन्हा खेळा म्हणाल्या. त्या हे म्हणेपर्यंत बाबांनी पटावरच्या सगळ्या सोंगट्या डब्यात कोंबल्यासुद्धा. माझंच चुकलं, दादा. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याच्या तोंडाशी घास आला होता, तो मी काढला. आता मीठ माझ्या हातात असलं तरी ते तुमच्या बहिणीला म्हणतात, "यांना सांग, मीठ द्या."

वहिनींना नमस्कार.

आपला,
कवळीवाला

ता. क. बाबांना महिनाभर तिकडे बोलावून घ्याल का? हवापालट होईल. त्यांचा आणि आमचाही.

ता. क. दुसरा. तुमची बहीण म्हणते, त्यांना बोलावू नका, मलाच बोलवा.

ता. क. तिसरा. (अक्षर ओळखलंस ना? पत्र पेटीत टाकायला ताईनं माझ्या हाती दिलं. पाकीट उघडणं वाईट, पण चिकटवलंच वाईट होतं.) बाळा, मला मुळीच बोलावू नकोस. मी जिंकत वगैरे नव्हतो. क्लचच्या दोन चालींत माझा राजा मेला असता. मी घड्याळाकडे बघत नुसता घाम पुसत होतो, आणि जावईबापूंच्या त्या गुलाबी यंत्रानं माझी लाज राखली. आता ते बसलेत नवीन घड्याळ विकत आणायच्या गोष्टी करत. तू मोठा आहेस, त्यांना जरा दटावून लिही की फेरसामन्याला हेच घड्याळ हवं, काही दुरुस्त करायचं नाही. मीच सांगितलं असतं, पण मी त्यांच्याशी बोलत नाही.