भव्य महोत्सवाचं ठिकाण लवकरच कळवू

तीर्थरूप झुंबरमामा यांना बोईसरहून दीपालीचा वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा लावलाय, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच वाकले आहे, पण भाव पूर्ण आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? ह्यांची कंपनीत रात्रपाळी चालू आहे, त्यामुळे दिवसा घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून स्वयंपाक बाजूला ठेवून पत्र लिहायला बसले. फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. मामा, राग मानू नका, पण फोनवर माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही 'नाही' म्हणता. पारनेरहून इकडे येऊन तारापूरच्या कारखान्यात तुम्ही इतकी वर्षं सुपरवायझर होता, लोक सारखे रजा मागायला यायचे, त्याची ती सवय. निवृत्त होऊन शिरगावला वाडी घेऊन राहायला गेलात तरी सुटलेली नाही. पत्राला मध्येच नाही म्हणता येत नाही. (म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही.) तेव्हा चष्मा लावून, खुर्चीत बसून, शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत हे महत्त्वाचं आहे.

तुम्हाला माहीत आहे की इथल्या कापडाच्या कारखान्यांतून जे तुकडे निघतात ते आणून मी गोधड्या शिवते. शिवणं हातात आहे, विकणं नाही. आमच्या घरात आता कुठलंही कपाट उघडलं की आधी गोधडी अंगावर येते आणि मग कपाट दिसतं. अशा वेळी मला मेहुल सर सापडले. पालघरला भव्य हस्तकला महोत्सव, कारागिरांना सुवर्णसंधी, अशी त्यांची जाहिरात फोनवर आली. मी लगेच स्टॉलचे पैसे भरले आणि त्यांनी मला कारागिरांच्या ग्रुपात घेतलं. त्या ग्रुपात फक्त सरांना लिहिता येत होतं, आम्ही सगळ्यांनी नुसतं वाचायचं.

मामा, न बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. (आपल्या घराण्यातच थोडी आहेत का? धाकट्या मामांनी स्वतःचं लग्न ठरल्याचं हळदीच्या दिवशी सांगितलं होतं.) पण मेहुल सरांसारखा माणूस मी जन्मात पाहिला नाही. ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते असं म्हणावं, तर तसंही नाही. रोज सकाळी ते आम्हाला गुलाबाचं फूल आणि एक सुविचार पाठवायचे. कधी दव पडलेला गुलाब, कधी गुलाबामागे उगवता सूर्य. फक्त महोत्सव कुठे आहे आणि कधी आहे एवढं सोडून जगातली प्रत्येक चांगली गोष्ट त्यांनी आम्हाला कळवली. मी त्यांना वेगळा मेसेज करून विचारलं, सर, टेबल तुम्ही देणार का? त्यांनी अंगठा पाठवला. विचारलं, जागा कोणती? जोडलेले हात आले. फोन केला तर एक बाई गोड आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पेटी वाजायची. मी स्वयंपाक करताना ती पेटी ऐकत बसायचे. मनात म्हणायचे, केवढी ही साधना! देवळातल्या देवालासुद्धा कौल लावला तर एखादं फूल डावीकडे-उजवीकडे पडतं. इथे तेही नाही, आणि तरी आम्ही सगळे श्रद्धेने पैसे भरून बसलो होतो.

माझं एकटीचं असतं तर मी तशीच हात जोडून बसले असते. पण मी यात सोमीला ओढलं होतं. सोमी मासवणच्या पुढच्या पाड्यावर राहते, बांबूच्या टोपल्या, सुपं, करंड्या विणते. तिच्या हाताला इतका वेग आहे की पाहताना मला दुसरं काम सुचत नाही. दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येतो आणि तिचं सगळं घर पावसाळा येईपर्यंत भट्टीवर जातं. यंदा तिने ठरवलंय, बांबूवर भागलं तर जायचं नाही. पण प्रदर्शन म्हटलं की तिचं डोकं फिरतं. मागे एकदा कोणीतरी तिला असंच नेलं होतं. आधी दारात बसवलं, तिथून उठवलं, जिन्याखाली बसवलं, तिथूनही उठवलं आणि शेवटी जनरेटरच्या मागे ठेवलं. संध्याकाळी तिला कोणी बोलावलं होतं हेच कोणाला सांगता येईना. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. "लग्नाला बी हळदीचे तांदूळ घेऊन घरी येतात, नाव घेऊन सांगतात, तवा आमी जातो. तुजा तो सायब मला बोलवतो का नाय, ते सांग." सायब मला गुलाब पाठवत होता, ते मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, सोमी, मी बोलावते, माझ्या शब्दावर ये. ती हो म्हणाली. मामा, त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

तिचा एकच प्रश्न होता, वस्तू केवढ्या आणायच्या. मी तो सरांना विचारला. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं, आणि तेही शब्दांत: 'भव्य ठेवा.' मी ते इमानदारीने सोमीला सांगितलं. तिने ते त्याहून इमानदारीने ऐकलं. भात साठवायची बांबूची कोठी असते ना, कणगी म्हणतात ती, तशी एक तिने विणली. आमचा टेम्पोवाला रूपेश (हा पाम गावचा, स्वतः नारळाच्या करवंट्यांच्या वस्तू करतो, लग्नाचा आहे) त्या कणगीत उतरून उभा राहिला, तर बाहेरून फक्त त्याचे केस दिसत होते. मी तिच्याभोवती फिरून आले. एक काडी इकडची तिकडे नाही. हात लावायला भीती वाटावी अशी वस्तू, आणि सोमी मला विचारते, "लहान झाली का गं?"

शेवटी आदल्या दिवशी सरांनी मला नकाशावरची एक खूण पाठवली. सोबत शब्द एकही नाही. आम्ही सकाळी टेम्पो भरून निघालो. कणगी मध्ये उभी बांधली होती, बाजूने गोधड्या. मनोर रस्त्यावर दोन-तीन माणसांनी देवाचं काही असेल म्हणून थांबून तिला नमस्कार केला. रूपेशने त्यांना उलट नमस्कार केला.

खूण होती तिथे एक मंगल कार्यालय होतं. कमान, रांगोळी, 'भव्य मेळावा, सर्वांचे स्वागत' असा फलक, आत पांढरी चादर घातलेली टेबलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मनात म्हटलं, दीपाली, तू या माणसावर किती संशय घेतलास! दारातल्या मुलीने विचारलं, मुलाकडचे की मुलीकडचे? मला वाटलं टेम्पो कोणाचा ते विचारते आहे, मी रूपेशकडे बोट दाखवलं. तिने त्याची सगळी माहिती लिहून घेतली आणि छातीवर नंबराचा बिल्ला लावला. आम्ही समजलो स्टॉलचा नंबर. त्या आकड्याची पाटी लावून आम्ही एका भिंतीशी मांडामांड केली. सोमीला मी मुद्दाम पंख्याखाली बसवलं.

तो वधू-वर मेळावा होता, मामा. हे आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा व्यासपीठावरून रूपेशचा नंबर पुकारला गेला. तो बिचारा उत्तम स्टॉलचं बक्षीस असेल म्हणून केस विंचरून गेला. त्याला माइक देऊन विचारलं, आपल्या अपेक्षा काय? तो म्हणाला, जास्त काही नाही, कोपऱ्यातली जागा, एक पंखा आणि उजेड असला की पुरे. मुलींच्या आया एकमेकींना म्हणत होत्या, हल्ली इतका साधा मुलगा मिळतो कुठे?

मला सोमीचीच धास्ती होती. आता आम्हाला उठवणार, सामान बाहेर काढणार, आणि पुन्हा ती तशीच जनरेटरच्या मागे. मी धावत मेळाव्याच्या प्रमुखांकडे गेले. कैलासभाऊ त्यांचं नाव, पांढरा सदरा, गळ्यात माइकची वायर. मी हात जोडून सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग, मामा, ते सगळंच्या सगळं माइकवरून हॉलला सांगितलं! आपल्याकडे चुकून कारागीर मंडळी आली आहेत, चूक त्यांची नाही, त्यांना जागा कळवलेली नव्हती, त्यांनी जिथे आहेत तिथेच बसावं, मंडळींनी वस्तू बघाव्यात, रुखवताला उपयोगी पडतील, पाण्याचा पिंप डावीकडे आहे, निळी चप्पल ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.

मी तिथे खांबासारखी उभी राहिले. माणूस सांगत होता! न विचारता सांगत होता. जेवण कधी, पहिली पंगत कोणाची, मठ्ठ्यात मीठ जरा जास्त झालंय, संडासातल्या बादलीला गळती आहे, सगळं. महिनाभर गुलाबांवर काढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल याची तुम्ही कल्पना करा. आणि मग ते म्हणाले, बांबूच्या वस्तू घेऊन आलेल्या सोमीताई अजून जेवलेल्या दिसत नाहीत, सोमीताईंनी पंगतीला यावं. सोमी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "माजा नाव घेतला त्यांनी." तिसऱ्यांदा बोलावल्यावर ती उठली, पदर नीट केला, आणि सगळ्या हॉलमधून सावकाश चालत पंगतीला जाऊन बसली. मला तेव्हा रडू आवरलं नाही, हे तुम्हालाच सांगते, ह्यांना सांगू नका.

लग्नाचा विषय डोक्यात असलेली माणसं किती उदार असतात ते त्या दिवशी पाहिलं. सुपं आणि करंड्या संपल्या. गोधड्या लोकांनी अजून न ठरलेल्या लग्नांसाठी नेल्या. कणगी तेवढी राहिली, कारण ती कोणाच्याही दारातून आत जाईना, पण तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायला रांग लागली होती. रूपेशला दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे.

परत निघताना मेहुल सरांचा मेसेज आला: 'भव्य महोत्सव यशस्वी केल्याबद्दल सर्व कारागिरांचे मनःपूर्वक आभार.' सोबत गुलाब. मी ग्रुपातल्या ज्या ज्या माणसांना ओळखत होते त्यांना फोन केले. प्रत्येकाला खूण वेगळीच गेली होती: एक बाई डहाणूला जाऊन आली होती, एक जण पाणी असलेल्या शेतात उभा होता. तो महोत्सव कुठे झाला, झाला का, हे आजतागायत कोणालाही ठाऊक नाही. जागेशिवाय, वेळेशिवाय, बहुधा महोत्सवाशिवाय, त्यांनी तो यशस्वी केला. माझा राग केव्हाच गेला. आता नुसती थक्क आहे.

टेम्पोत सोमीने पैसे दोनदा मोजले. मासवण जवळ आल्यावर म्हणाली, "असा असंल तर मी भट्टीवर नाय जात. पन पुढचा कवा हाय? कुटं हाय? त्या मुकादमाला काय ते सांगावा लागंल." मी तिला लगेच, ठिकाणासकट उत्तर दिलं. यापुढे आपणच भरवायचं आणि आपणच बोलवायचं, असंही म्हणाले. कागद संपत आला, म्हणून इथे थांबते. मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची भाची,
दीपाली

ता. क. तुमच्या वाडीच्या विहिरीला सध्या पाणी किती आहे? सहज विचारते. साधारण चाळीस-पन्नास माणसांना प्यायला पुरेल का?

ता. क. दुसरा. किल्ला आणि समुद्र बघायला येणारे सगळे लोक रविवारी तुमच्या वाडीवरूनच जातात ना? मामी एकदा म्हणाल्या होत्या की तुम्ही त्यांच्यावर ओरडता. या रविवारी ओरडू नका.

ता. क. तिसरा. मी कारागिरांचा नवीन ग्रुप केला आहे. सगळे सारखं विचारायला लागले, मामांनी परवानगी दिली का, मामा काय म्हणाले. मग मी फक्त मलाच लिहिता येईल असं करून टाकलं. फार शांत वाटतं. काल त्यांना एक गुलाब पाठवला.

ता. क. चौथा. कैलासभाऊ माइक घेऊन येणार आहेत. दुपारची झोप त्या दिवशी जरा लवकर काढा.

ता. क. शेवटचा. हे पत्र पोस्टाने नाही, रूपेशच्या हाती पाठवलं आहे. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा रविवारची सकाळ आहे आणि टेम्पो तुमच्या फाटकाशी उभा आहे. त्यात कणगी आहे, ती आंब्याखाली मावेल. पुढे सोमी बसली आहे. ठिकाण माझ्या मामाचं आहे आणि मामाने बोलावलंय, असं मी तिला सांगितलं आहे. तुम्हाला काही सांगितलेलं नाही, हे तिला सांगितलेलं नाही. घरच्या माणसाने नाव घेऊन बोलावल्याशिवाय ती टेम्पोतून उतरायची नाही, आणि तिथून परत फिरली तर थेट मुकादमाच्या ट्रकमध्ये चढेल. तेव्हा मामा, चष्मा तसाच असू द्या, फाटकापर्यंत जा आणि तिला म्हणा, सोमीताई, या. एवढं झाल्यावर मला काय बोलायचं ते बोला. माझा फोन संध्याकाळपर्यंत बंद आहे.