तळहातावरचा कापूर

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

नंदनवन, नागपूर
रविवार, दि. २१ सप्टेंबर १९८६

चि. शामला हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू रुपरावजींच्या हाती पाठवलेली भिवापुरी मिरची पोचली. रंग सुरेख आहे, वर्षभर पुरेल. इकडे सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे तसेच. ह्यांच्या ऑफिसात बदल्यांची हवा आहे, पण ह्यांचं नाव नाही. पमी पाचवीत गेली. पितृपक्ष लागल्यामुळे घरात वर्दळ कमी, म्हणून दुपारची लिहायला बसले. दुसरा कागद लागू नये म्हणून बारीक लिहिते आहे, सांभाळून वाच.

मिरचीची देठं काढायला शेजारच्या तुळसाबाई आल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही हात ताकात बुडवले. म्हणाल्या, "तुमचे हात काहून नाही जळून राहिले वं, कौशल्याबाई?" मी म्हटलं, उजवा जळतोय की. डाव्याचं काही बोलले नाही.

त्या डाव्याचंच तुला सांगायचं आहे. पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

शामला, तू मला लहानपणापासून खुपत आली आहेस. हे मी देवापुढेही कधी कबूल केलं नाही. मॅट्रिकला मला अठ्ठावन्न टक्के होते, तुला बावन्न. माझ्या मार्कांचे बाबांनी पेढे वाटले आणि मे महिन्यात लग्न लावून दिलं. तुझी वेळ येईस्तोवर त्यांचे विचार बदलले आणि तू नर्सिंगला गेलीस. पांढरी साडी, मनगटाला घड्याळ. तू दारात दिसलीस की हे पेपर खाली ठेवायचे. सासूबाईंना साधी शिंक आली तरी "शामलाले विचारा". मला या घरात पंधरा वर्षांत विचारलं ते एवढंच, की जेवायला काय आहे. आणि पमी तर तुझं थर्मामीटर काखेत धरून घरभर फिरायची. कोणी नाव विचारलं की म्हणायची, "मी शामूमावशी."

मग तो कापूर आला.

महालक्ष्म्यांच्या आरतीत जळती वडी निसटून माझ्या डाव्या तळहातावर पडली. मी हात मागे घेतला नाही, कारण मला काही झालंच नाही. बायका किंचाळल्या. सासूबाईंनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे! पुढच्या वर्षी मी वडी मुद्दामच तळहातावर ठेवली, करंगळीच्या बाजूला, आणि आरती पुरी होईपर्यंत उभी राहिले. फोड आला, तर देवीची खूण म्हणून त्यावर हळद लावली. तिसऱ्या वर्षी पार जरीपटका वस्तीतून बायका बघायला आल्या. उपासतापास मी लग्नाआधीपासून करते, पण देवीने ते वहीत टिपून ठेवले असतील असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. खरं सांगू? देवीपेक्षा त्या बायकांकडेच माझं जास्त लक्ष असायचं.

त्या तिसऱ्या वर्षी तूही होतीस. सगळ्यांच्या मागे. एकट्या तूच हात जोडले नव्हतेस.

आरती झाल्यावर तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलंस. आठवतं ना?

"ताई, हात दाखव."

"कायले?"

"दाखव तं खरं. डोळे मीट. पेन टेकवला की तिथं बोट ठेव."

तू तो आठ-दहा वेळा टेकवलास. मी प्रत्येक वेळी नेमकं बोट ठेवलं. तू म्हणालीस, "बरोबर आहे," पण तुझ्या कपाळावरची आठी काही गेली नाही. जाताना एका दवाखान्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिलास. "तरी एकदा जाऊन ये वं, माह्यासाठी." मला वाटलं, बघ, हिला माझं एवढंसुद्धा बघवत नाही. चिठ्ठी फेकवेना, कोरा भाग बराच होता. ती पोथीत खूण म्हणून घातली. पावणेदोन वर्षं रोज ती चिठ्ठी उचलून मी अध्याय वाचला आहे.

यंदा जूनमध्ये एक दिवस पूजेनंतर नमस्कार करताना डाव्या हाताची करंगळी उजवीला जुळेना. वाकून राहिली. दाबली की जुळायची, सोडली की पुन्हा वाकायची. आठ दिवस मी पदराखाली हात जोडले. नवव्या दिवशी टेकडीच्या गणपतीला जाते सांगून तुझ्या चिठ्ठीवरच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांनीही तेच केलं. डोळे मिटा म्हणाले. मी मिटले, घट्ट. आणि वाट बघत बसले. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं, ते थांबलं, तरी मी वाटच बघते आहे. शेवटी विचारलं, "कधी सुरू करता?" ते म्हणाले, "झालं बाई. बारा ठिकाणी टेकवलं."

शामला, तुझ्यापुढे मी डोळे मिटले नव्हते. पापण्यांच्या फटीतून तुझा पेन बघत होते.

महारोग आहे. तुम्ही लोक कुष्ठरोग म्हणता, मला दोन्ही शब्द अजून मोठ्याने म्हणता येत नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, कोणत्या पापाचा हो? ते म्हणाले, "बाई, हा जंतू आहे. त्याला पोथी वाचता येत नाही." हसावं की रडावं कळेना. बहुतेकांच्या अंगात तो टिकत नाही म्हणे, आणि ज्याच्यात टिकतो त्यालाही वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. माझ्यात पाच-सहा वर्षांपासून असावा. पांढरी गोळी रोज घरी, लाल गोळी महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर, असे सहा महिने. पहिली लाल गोळी घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी मोरीत भिंत धरून उभी राहिले. नंतर कळलं, तो गोळीचाच रंग. औषध सुरू झाल्यावर माझ्यापासून कोणाला धोका उरला नाही. करंगळी आणखी वाकू नये म्हणून तेल लावून व्यायाम करते. गेलेली जाणीव परत येईल असं ते सांगत नाहीत. दोन वर्षांआधी आला असतात तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं मला कळलं.

यंदाच्या आरतीत मी कापूर ताम्हनातच लावला. बायका खट्टू झाल्या.

आता जे आजवर लिहिलं नाही, ते.

त्या आरतीनंतर पंधरा दिवसांनी उमरेडच्या यमुताई आमच्याकडे आल्या होत्या, गिरिधरची आई. तुमचं लग्न जवळजवळ ठरलंच होतं, आणि तुला नुकतंच कुष्ठरोग्यांच्या तपासणीच्या कामावर घातलं होतं. त्यांनी सहज विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हटलं, "गुणाची आहे. फक्त महारोग्यांच्या जखमा धुते, म्हणून आम्ही तिचा कप वेगळा ठेवतो." आणि फळीवरचा निळ्या फुलाचा कप दाखवला. तुझा कप या घरात कधीच वेगळा नव्हता. यमुताईंनी हातातला चहा न पिता खाली ठेवला. तेवढ्यावर सगळं मोडलं.

तू माझ्याकडेच रडायला आलीस. "कोणी सांगितलं असंल वं, ताई?" मी तुझी पाठ थोपटत होते. डाव्या हाताने. तेव्हा तुझ्या पाठीची ऊबही त्या हाताला कळली नव्हती. ज्या रोगाचं नाव तुझ्यावर घातलं, तो तेव्हा माझ्याच हातात होता. आणि खोटं कशाला लिहू, तुझं मोडलं म्हणून त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले होते. गिरिधर आता दुसरीचा झाला, तू बदली मागून भिवापूरला गेलीस. यातलं काही मला परत करता येत नाही.

माफी मागायला हे लिहिलं असं समजू नकोस. माफीसाठी मला इतका धीर झाला नसता.

गेल्या आठवड्यात पमीला न्हाऊ घालताना तिच्या उजव्या पोटरीवर फिकट डाग दिसला, रुपयाएवढा. डॉक्टर तीनदा म्हणाले, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा. मी दर वेळी सांगते, गावाला गेलेत. घरी अजून कोणाला ठाऊक नाही, गोळ्या तांदळाच्या डब्यात आहेत. परवा मी पमीला पाटावर बसवलं, कडुलिंबाची काडी घेतली, डोळे मीट म्हटलं. तिने मिटले, आणि माझेच मिटले गेले. काडी टेकवता आली नाही.

तू येऊन बघ. तुझा हात लागला तर ती भिणार नाही. डाग साधा निघाला तर देवीची कृपा. नाही निघाला तर तिला वेळेवर गोळ्या मिळतील, माझ्यासारखी दोन वर्षं जायला नकोत. कपाची गोष्ट लपवून तुला बोलावलं असतं तर तू कालच निघाली असतीस, मला ठाऊक आहे. पण मग मी पुन्हा फटीतून बघितल्यासारखंच झालं असतं. ह्यांना आज मी स्वतः सांगणार आहे, हे पत्र पेटीत टाकून आले की. तू आलीस-नाही आलीस तरी गुरुवारी पमीला दवाखान्यात नेईन.

आलीस तर तिला तपासताना मला खोलीबाहेर बसव. ती तुझा हात धरून बसलेली मला बघवणार नाही, अजूनही. ती डोळे नीट मिटेल. ती माझ्यावर गेलेली नाही, तुझ्यावर गेली आहे. हे लिहिताना जिवाला लागलं, पण लिहिलं.

निळ्या फुलाच्या कपात हल्ली मीच चहा घेते.

तुझी
कौशल्या

(वर सवयीने आशीर्वाद लिहिले आहेत. नको असतील तर खोडून टाक.)