वेलीशिवायचे कंद

आये, तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होत आली, तरी गालावरची तुझी ती थप्पड अजून गेलेली नाही. पेठचं घर, चुलीपुढे तू. मी आठ वर्षांची, डोंगरावरून चाईचे कंद खणून आणलेत. तुझं काम हलकं व्हावं म्हणून वेल तोडून, ओहोळात घासून, लख्ख करून. तू टोपलीत बघतेस आणि पहिल्यांदा हात उचलतेस. "येल कुठंय? येल नाय त कंद नाय. यात एक कळलावीचा निघाला त अख्खं घर आडवं व्हईल." मी रडत म्हणते, "पण धुतलेत ना, आये!" "धुतलेत म्हनं! तोंड धुतलं म्हंजे मानूस वळखू येतं का?" चाईला पाच पानं, कळलावीच्या पानाला शेपटी, हे तू वेलीवरच दाखवायचीस. कळलावीचं विष उकडून जात नाही. तू परसात खड्डा केलास आणि सगळे कंद पुरलेस. त्या दिवशी आपण नुसती भाकरी खाल्ली.

पुढे मी नाशकात आले, पेपरात लोकांची टर उडवून पोट भरू लागले. माझी जीभ फार तिखट आहे म्हणतात. त्यांनी तुझी ऐकलेली नाही. गेल्या पावसाळ्यात इथे रानभाज्यांचा महोत्सव भरला. एसी हॉल, प्रत्येक भाजीपुढे पाटी, पाटीपुढे सेल्फी. मी स्तंभात यथेच्छ तोंडसुख घेतलं. शेवटी लिहिलं, 'आमच्या डोंगरात पाट्या नसतात. खणा, उकडा, खा.' त्यापुढे तुझी वेलीची अट लिहिली होती. विनोद लांबतोय म्हणून खोडली.

दिवाळीत एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान घाटात फिरायला गेले. वेली वाळलेल्या. त्यांनी हौसेने कंद खणले, घरी उकडून खाल्ले. यजमान चौथ्या दिवशी गेले. बाई वाचल्या, पण डोक्यावर एक केस उरला नाही.

मी भेटायला गेले. त्यांनी रुमाल सावरत चहा केला. "तुमचा लेख ह्यांनी मोठ्याने वाचला होता हो. इतके हसले!" मग माझाच हात थोपटत म्हणाल्या, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्हाला तरी कुठे ठाऊक असणार!"

मी मान डोलावली, आये. चहाही संपवला.

हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. तुला लिहितेय, कारण तुझ्याकडे पोस्टमन जात नाही.