फ्यूज चालत जात नाही

प्रिय बाबा,

तुम्ही पत्ते कुटायला मित्राकडे गेला आहात आणि मी इकडे काळ्या हातांनी हे पत्र लिहितेय. कागदाला ग्रीस लागलं तर रागावू नका. समोरासमोर बोलायला गेले तर माझा आवाज चढेल, नाहीतर रडू येईल, आणि मला दोन्ही नको आहे.

लहानपणी तुम्ही बॉनेट उघडलंत की मी मागे हजर, म्हणून तर आई मला शेपूट म्हणायची. गाडी सुरू झाली नाही की उगाच पार्ट बदलत सुटायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. स्टार्टर जोरात फिरतोय ना, मग बॅटरीला शिव्या देऊ नका. आधी ठिणगी बघा, मग पेट्रोल. किल्ली अर्धी फिरवून गप्प बसायचं आणि मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची गुणगुण येते का ते ऐकायचं. मी तर श्वासही रोखून धरायचे. आणि तुमचं ठरलेलं वाक्य: इंजिनात नशीब नसतं, कारण असतं.

मग त्या सोमवारी तुमच्या तोंडी नशीब कुठून आलं? मी मुलाखतीला निघाले, स्टार्टर गरागरा फिरला, पण इंजिन काही सुरू होईना. तुम्ही चहाचा कप घेऊन दारात उभे. एरवी शेजाऱ्याची गाडी नुसती खोकली तरी बाह्या सरसावून धावणारा माणूस जागचा हलला नाही. जुनी गाडी आहे, तुझ्या नशिबात नव्हतं, म्हणालात. मुलाखत हुकली. मी गाडीला भंगार म्हणाले, लाथसुद्धा मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुम्ही पाठीवरून हात फिरवलात आणि मी तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतोय.

आज निवांत बसले. बॅटरी ठीक, ठिणगी चांगली, पंप मात्र मुका. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरची बारीक अक्षरं वाचवेनात, म्हणून कपाटातून तुमचं भिंग काढायला गेले. डबी उघडली तर भिंगाशेजारी एक फ्यूज, आतली तार शाबूत. परत येऊन पाहिलं, पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी. जळलेला फ्यूज जागच्या जागी बसून असतो, बाबा. तो चालत कपाटात जात नाही. तो बसवला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मला आनंद झाला नाही.

आई गेल्यावर घरात आपण दोघंच उरलो. मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेले तर हे घर तुम्हाला खायला उठेल, हे मला कळतं. जाऊ नकोस म्हणाला असतात तर मी भांडले असते, कदाचित थांबलेही असते. पण तुम्ही विचारलंच नाहीत. जे मला शिकवलंत, त्यानेच माझी वाट अडवलीत. कुंपणानेच शेत खाल्लं. फसवलंत तुम्ही मला.

त्या लोकांनी मला पुन्हा मुलाखतीला बोलावलंय, परवा सकाळी. तुमचा फ्यूज मी काढून परत भिंगाच्या डबीत ठेवलाय. दुकानातून आणलेला नवा माझ्या पर्समध्ये आहे, तेव्हा मी जाणार हे नक्की. तरी निघण्याआधी बॉनेट उघडून बघणार आहे, तुम्ही तुमचा फ्यूज परत जागेवर बसवलाय का ते. हे पत्र तेवढ्यासाठीच. तो नवा वापरायची वेळ माझ्यावर आणू नका.

अजून तरी तुमचीच,
शेपूट