शाळा हलवल्याचा गुन्हा

अहो मास्तर,

तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी पत्र घातलं नाही. एकाच घरात राहून भांडायला पत्र कशाला लागतं? पण काल पालघरच्या शिक्षण कचेरीतून एक कारकून आला होता, तुमच्या वतीने माझ्याकडून माफी लिहून घ्यायला. तुमचं वर्षश्राद्धही अजून व्हायचंय आणि यांना तुमची माफी हवी! आता हा राग मी कोणावर काढू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मला अजून कळत नाही, यात तुमचा गुन्हा तो कोणता? विजेच्या कारखान्यासाठी सरकारनेच गाव उठवलं. नव्या जागी आखणीही सरकारनेच करून दिली. फक्त शाळा हलवायचा हुकूम काढायला तेवढं विसरले! घरांची कौलं उतरली, गाड्या भरल्या, तरी तुम्ही आपले शाळेच्या ओट्यावर हुकमाची वाट बघत बसलेले. शेवटी शेजारची मासळीवाली हिराबाई तुमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरां तर आमी घेऊन चाललो. तुमी इथं कोणाला शिकवनार? वाळूला?"

झालं! फळा बैलगाडीत चढला. माझ्या पिठाच्या डब्याला गाडीत जागा नव्हती, फळ्याला मात्र होती. हे मी विसरलेले नाही हं.

नव्या जागी ना भिंत, ना छप्पर. चिंचेखाली शाळा भरायला लागली. ऊन सरकलं की सगळा वर्ग बस्करांसकट सावलीमागे सरकायचा. कचेरीला तुम्ही दोनदा कळवलंत, पण उत्तर आलं नाही. आणि एक दिवस डेप्युटीसाहेब तपासणीला निघाले ते थेट जुन्या गावाला! वाटेत कोणाला विचारायचं तरी? शाळेच्या दाराला कुलूप, भोवती चिटपाखरू नाही. साहेबांनी शेरा मारला, शाळा बंद, मास्तर गैरहजर. पाठोपाठ तुमचं निलंबन आलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, गाव हलल्याचं तुम्हाला लेखी कळवलं होतं का? आणि तुम्ही काय म्हणालात? "नाही साहेब. कौलं उतरताना डोळ्यांनी दिसलं." अहो, गरज होती का असं बोलायची? वर घरी येऊन मला हसत हसत सांगता! मी कपाळावर हात मारून घेतला.

'शाळा बंद राहिली, चूक झाली, क्षमा असावी' एवढी एकच ओळ मागत होते ते. मी किती विनवलं तुम्हाला! अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हटलं. तर तुम्ही म्हणालात, "हरी अडलेलाच नाही." अडला नाही कसा? अर्ध्या पगारात मी घर कसं रेटत होते, ते हरीला काय ठाऊक!

पुढे शाळा हलवायचा हुकूम निघाला, तुमच्या जागी दुसरे मास्तर आले. तेही त्याच चिंचेखाली शिकवायला लागले. त्यांना कोणी काही विचारलं नाही. तुमची चौकशी मात्र चालूच.

आणि मग कावीळ झाली आणि आठवड्यात तुम्ही गेलात. याचाही मला राग आहे. एवढा हट्ट धरायचा आणि तो अर्ध्यावर टाकून निघून जायचं?

कालचा कारकून माणूस वाईट नव्हता. ओशाळून बसला होता, चहाही घेईना. म्हणाला, "वहिनी, मास्तरांच्या मागे हे लटकत ठेवण्यात काय अर्थ आहे? तुम्ही लिहून द्या, की तेव्हा शाळा बंद होती, मास्तरांचा गैरसमज झाला. मग निलंबनाचे महिने नोकरीत धरतील, तुमच्या हक्काचं काय ते सुटेल."

हिराबाई उंबऱ्याशी बसली होती. तीही म्हणाली, "लिवून टाक, मास्तरीणबाय. पोरीचा बघ. मेलेल्या मानसाला आता काय हाय त्याचा?"

खरं सांगते, मी लिहिणारच होते. तुम्हाला शिव्या घालत दौत-टाक काढला. कारकून सांगायला लागला, "लिहा, त्या काळात शाळा बंद होती..." तेवढ्यात आपली उषा म्हणाली, "आई, बंद कशी? मग आम्ही चिंचेखाली काय करत होतो? मला अपूर्णांक कोणी शिकवले?"

कारकून आढ्याकडे बघायला लागला. हिराबाईने मात्र मान डोलावली. तिचा बाळ्या त्याच चिंचेखाली चौथी झालाय ना! मी टाक खाली ठेवला.

तुम्हाला चुकीचं ठरवायला मी केव्हाही एका पायावर तयार होते. जन्मभर तेच तर केलं! पण तुमच्याबरोबर ती सगळी पोरं खोटी पडतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही मला हे सरळ का नाही सांगितलंत? हरी अडला नाही म्हणे! बायकोला नीट समजावून सांगायला मास्तरांना काय झालं होतं? पोरांना तर तेच ते दहादा सांगायचात.

तुमची जीभ तिखट होती, हे मात्र मी अजूनही म्हणणार. थोडं गोड बोलला असतात तर काही बिघडलं नसतं.

पण आता शब्द देते. ती ओळ या घरातून जाणार नाही. सोमवारी उषाला घेऊन मी पालघरला कचेरीत जाते. साहेबांनी तिला हवे तेवढे अपूर्णांक घालावेत. ती तिथल्या तिथे सोडवील. आणि मग साहेबांनी माझ्या तोंडावर सांगावं, शाळा बंद होती म्हणून!

तुमची,
मास्तरीण