निळ्या सूटची मापं

३ मार्च, सोमवार
आजपासून स्टुडिओच्या कपडेपटात रुजू झाले. नशीब बघा, ज्या कॉमिक्ससाठी लहानपणी मी आणि धाकट्या भावाने एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, त्यावरच्याच सिनेमाचा हा दुसरा भाग! निळ्या वीराचा सूट मी सांभाळायचा आणि तो घालून धाकट्याने उड्या मारायच्या, मोठ्या नटाचा डुप्लिकेट म्हणून. माझी नेमणूक होताच त्यालाही इथे मीच चिकटवलं. सूट पहिल्या भागातलाच आहे. जाड, रबरी, मुखवटा जोडलेला, पाठीला मानेपासून कमरेपर्यंत चेन. धाकट्याची छाती अडतीस. एक टाका घालावा लागला नाही, इतका सूट अंगासरसा बसला. आरशात बघून म्हणाला, "ताई, आता तरी मला भांडी घासायला लावू नकोस." हसून हसून पुरेवाट झाली.

५ मार्च, बुधवार
सूट उतरवायला आज अर्धा तास लागला. घामाने चिकटतो, उद्या जास्त पावडर लावते. दिग्दर्शक स्वतः येऊन सांगून गेले, की असा जिवंतपणा पहिल्या भागात नव्हता. धाकट्याला आकाश ठेंगणं! कपडेपटाचे जुने मास्तर मात्र निघताना म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत त्याला सूटमध्ये राहू देऊ नकोस. का ते विचारलं, तर सुईत दोरा ओवत बसले.

७ मार्च, शुक्रवार
सहज माप घेतलं. छाती पस्तीस. टेप बदलून घेतलं. पस्तीसच. उंचीही दोन बोटं कमी. सूट मात्र अजून तसाच अंगासरसा. धाकटा म्हणतो, दमलोय, बाकी काही नाही. डबा उघडलासुद्धा नाही त्याने.
मास्तरांना खोदून विचारलं, पहिल्या भागातला डुप्लिकेट आता कुठे असतो? शेवटच्या दिवशी खुंटीवर नुसता सूट मिळाला, म्हणाले. चेन लावलेली. माणूस घरी पोचलाच नाही.

१० मार्च, सोमवार
शनिवारपासून सूट त्याच्या अंगावरच आहे. उतरत नाही. पाठीवरून बोटं फिरवली. चेन नाही, शिवण नाही, मुखवट्याची कडही लागत नाही. दिग्दर्शकांच्या हातापाया पडले, त्याला मोकळं करा म्हटलं. ते म्हणाले, दुसऱ्या भागात वीर सूट काढतच नाही, मुलगा भूमिकेत मुरतोय, तू मध्ये पडू नकोस.
सुट्टीत धाकटा आतून हळूच म्हणाला, "ताई, आईला सांगू नकोस."
आवाज तोंडातून आला नाही. सूटच्या पोटापासून आला.

११ मार्च
स्टुडिओच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सूटवरूनच नाडी पाहिली. ठणठणीत आहे म्हणाले.
ते गेल्यावर मी त्याच्या छातीवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखी वाजली.
मी आणलं त्याला इथे. मीच.

१२ मार्च
उडीचा प्रसंग. दोर तुटला. चार मजले खाली—
उठून उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी किंचाळत होते, ते कुणाला ऐकूच आलं नाही.
पळून जाऊ म्हटलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. त्याने, की सूटने?

१३
त्याला घेऊन कपडेपटाला आतून कडी घातलीय. बाहेर दार ठोठावतायत. शॉट तयार आहे म्हणे.
मोठी कात्री सूटच्या काखेत घातली, तिथे रबर पातळ असतं. रक्त नाही आलं. काहीच नाही. आत नुसता गार काळोख.
हात घातला. चाचपलं—
सापडला. त्याचा हात. लहानसा. बालवाडीत सोडायला जाताना धरायचे, तेवढाच.
"ताई, सोडू नकोस."
नाही रे. नाही सोडणार.
डाव्या हाताने लिहितेय. ओढतेय, पण तिकडूनही— कोपर आत गेलं. चीर आवळत चाललीय—
मास्तर, ही वही तुम्हालाच सापडेल. सूट जाळू नका. आम्ही दोघंही—