पुदिन्याचे दोन हात

४ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
जठर छोटं करायचं ऑपरेशन नीट झालं, असं भाऊजींनी कळवलं. पण मळमळीने पाण्याचा घोटही टिकत नाही म्हणे. औषधं चालू ठेवच. सोबत आमच्या साबण कारखान्यातलं पुदिन्याचं तेल पाठवतोय. डॉक्टरना विचार आणि फक्त वास घे, पिऊ नकोस! पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर माझा नंबर. तुझं बघूनच ठरवणार, जायचं की पळायचं.
तुझा, अजून अख्ख्या पोटाचा,
ढोल्या

८ जून
चि. ढोल्यास अनेक आशीर्वाद.
डॉक्टर हो म्हणाले. पण जन्म गेला फर्निचर बनवण्यात. बाटली दिसली की हात शिवशिवतात. पलंगाच्या उशाकडच्या फळीला फडक्याने तेलाचा एक हात दिला, वाळल्यावर दुसरा. चकाकतोय काय पलंग! पण खोलीत पाय ठेवला की पोटात आणखीच ढवळतं. तुझे भाऊजी नाकाला रुमाल बांधून बाहेर झोपतात. पाणी टिकलं नाही तर परत सलाईन. तुझा पुदिना तुलाच लखलाभ.
रागातही तुझीच,
ताई

११ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
अगं बाई, ते तेल आहे, पॉलिश नव्हे! फळी आधी बाहेर काढ. कारखान्यात आम्ही कापसावर एक थेंब टाकतो, लांबून हुंगतो आणि लगेच झाकतो. सलाईन लागलं तर खुशाल लावून घे, त्यात कसला कमीपणा? खरं सांगू, तुझं पत्र वाचून माझी तारीख रद्द करायला फोन उचलला होता. तूर्त खाली ठेवलाय. लवकर लिही.
तुझा भित्रा
ढोल्या

१६ जून
चि. ढोल्यास अनेक आशीर्वाद.
सलाईन लागलंच. फळी गच्चीवर टाकलीये, तिकडे कावळाही फिरकत नाही. मग सागाच्या तुकड्याची सरकत्या झाकणाची डबी केली. आत कापूस, एकच थेंब. मळमळलं की झाकण बोटभर सरकवते, एक श्वास घेते, बंद करते. मग घोट. काल वाटीभर पाणी पोटात राहिलं. ऐकतोयस ना, राहिलं! औषधाचा गुण असेलही, पण घोट घ्यायची हिंमत डबीने दिली.
सोबत दुसरी डबी. पॉलिश केलेली नाही, शप्पथ. तारीख रद्द करायची असेल तर डबी परत पाठव.
लोभ आहेच, पोटासारखा आकसू देऊ नकोस.
ताई

२१ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
डबी मिळाली. झाकण जरा घट्ट आहे. दवाखान्यात सरकवून सरकवून सैल होईल.
तुझा
ढोल्या (आता मोजून चार आठवडेच)